बागेचं पत्र कसं लिहावं: पेटीने संत्रा विकणाऱ्यांसाठी

विदर्भातल्या वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड, अचलपूर या संत्र्याच्या पट्ट्यात ज्यांनी सगळी बाग व्यापाऱ्याला न देता थोडा माल पेटीने थेट घरोघरी विकायला घेतला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पहिल्या वर्षी पेट्या ओळखीवर जातात. पुण्याची मावसबहीण घेते, तिच्या बिल्डिंगमधले चौघे घेतात. दुसऱ्या वर्षी तीच माणसं कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून संत्री घेऊन मोकळी होतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. पेटी पोचल्यापासून पुढच्या तोडणीपर्यंत आपण त्यांच्याशी एक शब्द बोललेलो नसतो, आणि एकदम नोव्हेंबरात भावाचा मेसेज टाकतो.

यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे बागेचं पत्र. बागेत काय चाललं आहे ते वर्षभर, जसं आहे तसं, लिहून कळवायचं. ही रीत मी दक्षिण आफ्रिकेतल्या वाइन इस्टेटींकडून, म्हणजे स्वतःची द्राक्षं पिकवून त्यांची वाइन करणाऱ्या मळ्यांकडून उचलली. माझा मामेभाऊ केपटाऊनला फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे. तिथल्या इस्टेटी आपल्या गिऱ्हाइकांना हंगामाची खबरबात पाठवतात, ती तो मला पाठवतो. आमचं घर माळकरी, आणि वर्धा नदी ओलांडली की पलीकडचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. वाइन आमच्याकडे कोणी चाखलेली नाही. पण त्या पत्रांमधली माणसं आपल्यासारखीच पावसाकडे डोळे लावून बसलेली असतात, म्हणून मी ती एका शेतकऱ्याने दुसऱ्याचं वाचावं तशी वाचते.

त्यांचं वर्ष आपल्या उलटं. स्टेलनबॉश, पार्ल, फ्रान्सहूक या भागात पाऊस पडतो जून ते ऑगस्टच्या थंडीत, आणि उन्हाळा कोरडा. द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन मार्चपर्यंत चालते, म्हणजे आपल्याकडे पाणी तोडून दिलेला ताण संपून संत्र्याला अंबिया बहाराचं फूल येतं तेव्हा. उन्हाळ्यात आग्नेयेकडून जोराचा वारा सुटतो, त्याला ते ‘केप डॉक्टर’ म्हणतात. तो वेलीवरची ओल सुकवतो, त्यामुळे बुरशी कमी लागते. पण फार सुटला तर कोवळे शेंडेही मोडतो. पत्रात हे सगळं असतं. कोणत्या तुकड्यातली तोडणी आधी लागली, वाऱ्याने कुठली ओळ झोडपली, पहाटे अंधारात किती वाजता माणसं वावरात शिरली. स्टेलनबॉशजवळच्या एका जुन्या इस्टेटीत गोगलगायी खायला बदकांचे कळप पाळले आहेत; त्यांची रोजची फेरी हीसुद्धा तिथली बातमी असते, आणि ती बघायला लोक तिकीट काढून येतात.

आधी वही, मग पत्र

१६५२ मध्ये डच कंपनीचा यान व्हान रीबेक केपला, म्हणजे आजच्या केपटाऊनला उतरला. जहाजांना ताजा भाजीपाला पुरवण्यासाठी त्याने तिथे मळा केला आणि द्राक्षाच्या वेलीही मागवल्या. २ फेब्रुवारी १६५९ ला त्याने रोजनिशीत नोंद केली की आज केपच्या द्राक्षांची पहिल्यांदा वाइन झाली, देवाची कृपा. त्या एका ओळीमुळे तिथल्या लोकांना आपल्या धंद्याचा जन्मदिवस तारखेनिशी माहीत आहे. आमच्या गावात पहिलं संत्र्याचं झाड कोणी लावलं हे तीन म्हाताऱ्यांना विचारलं तर तीन नावं मिळतात.

म्हणून आधी वही करा. मोबाइलमध्ये नको, हात मातीचे असतात आणि मोबाइल नेमका घरी राहतो. जाड पुठ्ठ्याची लांब वही घ्या, भोक पाडून सुतळीने मोटारच्या खोलीत स्टार्टरशेजारच्या खिळ्याला टांगा, पेनही दोरीला बांधा. मोटार चालू करायला रोज कोणीतरी तिथे जातंच, तेव्हाच चार शब्द लिहायचे: तारीख, पाऊस असेल तर किती मिलिमीटर, लाइन किती वाजता आली, पाणी कोणत्या तुकड्याला दिलं, फवारणी केली असेल तर औषधाचं नाव आणि प्रमाण, कामावर कोण होतं. आणि नजरेला पडलेली एखादी गोष्ट. आमच्या वहीत मामाजींच्या अक्षरात अशी नोंद आहे: ‘पांदणीकडची तिसरी ओळ, शेंड्याला फूल दिसले, विहिरीकडे अजून नाही.’ एवढ्यावर माझं अर्धं पत्र उभं राहिलं.

पावसासाठी पर्जन्यमापक घ्या, प्लास्टिकचा साधा चालतो. ‘काल चांगला पाऊस झाला’ या वाक्याचा पुण्यात बसलेल्या माणसाला काही उपयोग नाही. ‘काल रात्री दोन तासांत ६० मिलिमीटर पडला आणि नाल्याकडच्या झाडांच्या बुडाशी पाणी साचलं’ म्हटलं की तो विचारतो, मग झाडांचं काय होईल? तो विचारायला लागला की पत्र वाचलं जातं आहे असं समजा.

पत्रात काय घालावं

एका पत्रात एकच मोठी बातमी. बागेतल्या तुकड्यांना घरात जी नावं आहेत तीच वापरा: विहिरीजवळचा, पांदणीकडचा, धुऱ्याची ओळ, मोठ्या आंब्याखालची सात झाडं. दोन-तीन पत्रांत गिऱ्हाइकाला ही नावं पाठ होतात. गेल्या हंगामात नागपूरच्या एका काकूंनी फोनवर विचारलं, ‘पेटी पांदणीकडच्या झाडांची आहे का?’

बातमीचा विषय शोधावा लागत नाही, मोसम तो देतो. डिसेंबरात आपण पाणी तोडतो. गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं, त्याला वाटतं झाडाला सतत पाणी हवं. त्याला नीट सांगा: थंडी आणि कोरडी जमीन यामुळे झाडाची वाढ थांबते, अन्न आत साठून राहतं, पानं मलूल होऊन थोडी गळतात, आणि मग खत देऊन हलकं पाणी सोडलं की तेच अन्न फुलोऱ्याला जातं. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत त्याला वेळ लागतो. तुमच्या जमिनीत यंदा किती दिवस लागले ते वहीत असेलच. ताणावर बसलेल्या झाडाचा फोटो टाका, आणि पंधरा दिवसांनी त्याच फांदीचा दुसरा टाका. फांदीला लाल दोरा बांधून ठेवा म्हणजे तीच फांदी सापडेल.

पावसाळ्याआधी बोर्डो मलम लावतो, ती बातमी मला सगळ्यांत आवडते, कारण ती आपल्याला द्राक्षवाल्यांकडून मिळालेली आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तोडू नयेत म्हणून शेतकरी त्यांवर मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण शिंपडत. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्याच वेली केवडा या बुरशीच्या रोगापासून वाचल्या आहेत. १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. आज आपल्या संत्र्याच्या खोडावर डिंक्या, म्हणजे डिंक गळायचा रोग, येऊ नये म्हणून आपण तेच लावतो.

मलम करायची रीतही पत्रात सांगा, वाचणाऱ्यांना आपल्या हातचं काम दिसायला हवं. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद कापडात बांधून ५ लिटर पाण्यात रात्रभर लोंबकळत ठेवायचं, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं. लोखंडाचं चालत नाही. उरलेल्या ५ लिटरमध्ये चुना विझवून गाळून घ्यायचा. सकाळी दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत लाकडी काडीने ढवळत राहायचं. आकाशी रंगाचा दाट मलम होतो. त्यात घासलेला लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून बाहेर काढायचा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी चुन्याची निवळी घालायची, थर येईनासा होईपर्यंत. मग ब्रशने खोडाला बुडापासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत लावायचं, आणि त्याच दिवशी संपवायचं. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळा संपल्यावर एकदा. हा फोटो पाठवला की हमखास कोणीतरी विचारतं की झाडांना निळा रंग कशाला दिला.

ऑक्टोबरमधलं पत्र मात्र चुकवू नका. अंबियाचं फळ आतून पिकतं तेव्हा सालीवर बऱ्याचदा हिरवी झाक असते. रात्री गार झाल्याशिवाय सालीतला हिरवा रंग पुरता उतरत नाही. पेटी उघडून हिरवट फळ दिसलं की शहरातला माणूस समजतो कच्चा माल आला. पेटी पोचल्यावर हे सांगितलं तर ती सबब वाटते, आणि आधी सांगितलं तर माहिती. आम्ही रसातली गोडी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घेतला आहे. चार कोपऱ्यांच्या झाडांवरची फळं घेऊन रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. आमच्या बागेत तो १० च्या वर गेल्याशिवाय कात्री लावत नाही. केपचे लोकही तोडणीच्या दिवसांत हेच करतात. ते साखर ‘बॉलिंग’ नावाच्या मापात सांगतात आणि कोणत्या तुकड्याची किती झाली ते पत्रात लिहितात. आपणही आकडा लिहावा, तारखेसकट.

वाईट बातमी

ती त्याच दिवशी लिहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे गारपीट होते, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि बारकी फळं गळतात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या झडीत मोठी फळं गळतात. गळलेल्या फळांचा सडा पडलेला असताना फुललेल्या फांदीचा जुना फोटो पाठवू नका.

केपमध्ये २०१५ पासून लागोपाठ तीन वर्षं दुष्काळ पडला. २०१८ च्या सुरुवातीला केपटाऊन शहराचे नळ बंद करायचा दिवस मोजत होते, १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा होती. मामेभाऊ बादलीत उभा राहून आंघोळ करायचा आणि तेच पाणी संडासात ओतायचा. त्या हंगामात द्राक्षाचं उत्पादन घटलं. वरूड-मोर्शीचा पट्टा डार्क झोनमध्ये, म्हणजे जमिनीतलं पाणी प्रमाणाबाहेर उपसलेल्या भागात आहे हे आपल्याला वेगळं सांगायला नको. बोअर किती खोल गेले ते ज्याचं त्याला माहीत. तेव्हा एप्रिल-मेच्या पत्रात विहिरीचं पाणी किती परस खाली गेलं, ठिबक किती वेळ चालवतो, कोणत्या झाडांचं पाणी कमी करून कोणती वाचवतो, ते लिहा. आमच्या भासऱ्यांना हे पटत नव्हतं. लोक ऑर्डर देणार नाहीत असं त्यांचं म्हणणं. मला उलट अनुभव आला: माल कमी आहे हे आधी कळलेल्या माणसांनी आपल्या पेट्या लवकर सांगून ठेवल्या, आणि डाग पडलेली फळं रसासाठी म्हणून कमी भावात वेगळी मागितली.

ज्याने इसार देऊन बाग ठरवली आणि भाव पडताच फोन उचलणं बंद केलं, असा व्यापारी आम्हीही पाहिला आहे. त्याबद्दल पत्रात लिहू नका. गिऱ्हाइकाला आपल्या झाडांची काळजी वाटावी. आपल्या भांडणांचं ओझं त्याच्यावर नको.

माणसांची नावं

केपच्या इस्टेटी दिसायला फार सुंदर, पांढऱ्या भिंती, मागे डोंगर. पण ती वावरं उभी केली गुलामांनी, आणि त्यांतले कितीतरी आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून, बंगाल-मलबारकडून जहाजात भरून नेलेले. मालक त्यांना ज्या महिन्यात आणलं त्या महिन्याचं नाव द्यायचे. आजही तिथे फेब्रुवारी, सप्टेंबर अशी आडनावं आहेत. १८३४ मध्ये गुलामी कायद्याने संपली. पण मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात द्यायची ‘डॉप’ पद्धत चालूच राहिली, बंदी आल्यावरही १९९० च्या दशकापर्यंत रेंगाळली, आणि तिने पिढ्यान्‌पिढ्या घरं नासवली. हे वाचल्यापासून मी त्या पत्रांमध्ये मालकाचा फोटो सोडून कामगारांचं नाव कुठे येतं ते आधी शोधते. काही इस्टेटी आता लिहितात: अमुक बाई इतकी वर्षं तोडणीवर आहेत, अमक्याचा मुलगा आता वाइनचं तळघर सांभाळतो.

आपल्याकडे तोडणीला गावातल्या बाया असतात, मेळघाटातून कोरकू माणसं येतात. फळ ओढून तोडायचं नाही, कात्रीने देठ बारीक ठेवून कापायचं, नाहीतर देठाजवळ साल फाटते आणि पेटीत तेच फळ आधी सडतं. हे काम त्यांचे हात करतात. मग पत्रात त्यांचं नाव हवं. मात्र आधी विचारा. फोटो आधी त्यांना दाखवा, त्या ‘नको’ म्हणाल्या तर नको. आमच्या एका मावशींनी फोटोला नकार दिला, पण नाव लिहायला सांगितलं, आणि माहेरचं आडनाव लावायला सांगितलं. तसंच लिहिलं. मजुरी त्या दिवशीच चुकती करून मगच त्यांच्याबद्दल चांगले शब्द लिहावेत, एवढं पथ्य पाळा.

दावा करताना

दक्षिण आफ्रिकेत १९७३ पासून मूळ-प्रदेशाचा कायदा आहे. बाटलीवर स्टेलनबॉश लिहिलं तर त्यातलं सगळं द्राक्ष स्टेलनबॉशचंच लागतं, शंभर टक्के. आपल्या नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्या पेटीवर पहारा करायला कोणी बसलेलं नाही. तो आपला आपणच करायचा. आपल्या बागेच्या नावाच्या पेटीत शेजाऱ्याचा माल भरायचा असेल तर तसं लिहा: ‘यंदा आपला माल कमी, यातली निम्मी फळं धुऱ्यापलीकडच्या दादांच्या बागेची, मी स्वतः चाखून घेतलेली.’ प्रमाणपत्र नसेल तर ‘सेंद्रिय’ लिहू नका. कोणती फवारणी केव्हा केली ते लिहा. संत्र्याने अमका आजार बरा होतो, असंही लिहू नका.

भाव पत्राच्या शेवटी, एका ओळीत, घरपोच धरून. आणि फक्त तोडणीच्या महिन्यांत. बाकीच्या पत्रांत विक्रीचा शब्द नको.

पाठवायचं कसं

व्हॉट्सअॅपवर ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये सकाळच्या शुभेच्छा सुरू होतात आणि आपली बातमी बुडते. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात, आणि समोरच्याने आपला नंबर सेव्ह केला असेल तरच मेसेज पोचतो, म्हणून पेटीत चिठ्ठी घाला: ‘हा नंबर बागेच्या नावाने सेव्ह करा.’ पत्र मोबाइलच्या दोन स्क्रीनमध्ये संपावं, फोटो दोन पुरेत, सकाळच्या उजेडातले, रंग न वाढवलेले. ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी तेच पत्र बोलून पाठवा. मागून मोटारीचा, पाखरांचा आवाज आला तर येऊ द्या. भाषा आपली ठेवा. वावर, धुरा, पांदण हे शब्द पुण्या-मुंबईच्या माणसाला न समजले तर तो विचारेल. उत्तरं त्याच रात्री द्या.

पत्रं वाचून लोक बाग पाहायला येऊ का म्हणतात. १९७१ मध्ये स्टेलनबॉशला तीन शेजारी इस्टेटवाल्यांनी मिळून पाहुण्यांसाठी ‘वाइन रूट’ सुरू केला, आज त्यावर जगभरातून लोक येतात. आपणही एकट्याने न करता दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून करावं: एकाकडे बाग, दुसऱ्याकडे झुणका-भाकर, तिसऱ्याकडे गाड्या लावायला जागा. रविवार ठरवा, नोव्हेंबरच्या शेवटचा किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला, म्हणजे फळ झाडावर असतं आणि ऊन सोसतं. बायकांसाठी स्वच्छ संडास, हात धुवायला पाणी आणि सावली, या तीन गोष्टी आधी. फवारणी झाली असेल तर औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत कोणालाही बागेत घेऊ नका, कितीही लांबून आले असले तरी. मधाच्या पेट्या असतील तर त्या दिवशी दोरी बांधून वाट वेगळी करा. आणि विहिरीला कठडा नसेल तर आधी कठडा बांधा, निमंत्रण पुढच्या वर्षी द्या. शहरातली लेकरं थेट विहिरीकडेच धावतात.